फडकं नव्हतं

दोरीवर उशांचे अभ्रे वाळत होते. त्यांच्या मधोमध, दोन्ही कोपऱ्यांना चिमटे लावून, नीट झटकून पसरलेलं एक लाल फडकं होतं. लिफ्टवाल्याने स्कूटर स्टँडला लावली, खांद्यावरची पिशवी सावरली, फडक्याकडे बघितलं आणि मग अंगणाकडे बघितलं. अंगणात चारचाकी गाडी नव्हती.

हे फडकं म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. नाहीतर एका धुतलेल्या चिंधीपायी चांगला उंचापुरा माणूस मटकन पायरीवर का बसला ते कळायचं नाही.

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला लिफ्टवालाच म्हणायची. त्याच्या धंद्यात एक नियम असतो. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात माणूस उतरला की वरच्या मुख्य बटणाला लाल पाटी लटकवायची, आणि ज्याने ती लटकवली त्यानेच ती काढायची. मग वर साहेब उभा असो की साहेबाचा साहेब, पाटीला दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. घरी आणण्यासारखं त्या धंद्यात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने हा नियम घरी आणला. गाडीचं काही उघडून ठेवलं असेल तर स्टिअरिंगला लाल फडकं. फडकं असलं तर गाडीला हात लावायचा नाही. नसलं तर खुशाल न्यायची. लग्नानंतर बायकोला त्याने हे जितक्या गंभीरपणे सांगितलं, तितक्या गंभीरपणे त्याने लग्नातलंही काही म्हटलं नव्हतं.

नियमाची गरज होती, कारण गाडी एकच होती आणि तिचं एक पाऊल संसारात तर दुसरं शर्यतीत. आठवडाभर ती बायकोला दातांच्या दवाखान्यात कामाला न्यायची, पोरीला पोहायच्या तलावावर सोडायची, किराणा वाहायची. आणि काही रविवारी तीच गाडी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर दुसऱ्या गाडीशेजारी उभी राहायची. दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत शेवटपर्यंत सुटायचं, एवढीच ती शर्यत. "जिथे काही कामच नाही तिथे पोचायची एवढी घाई कशाला?" असं बायकोने पहिल्याच वेळी विचारलं होतं. 

त्याची खरी अडचण सुरुवातीची होती. इंजिन दमदार होतं, पण दिवा हिरवा झाला की गाडी मागे बूड टेकायची, मागची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि शेजारचा पुढे निघून जायचा. "धूर भरपूर, प्रगती शून्य," हेही बायकोचंच. पुढचे शॉकअब्सॉर्बर त्याने आधीच बदलले होते, नाक पटकन वर उठावं आणि वजन मागे जावं म्हणून. तेवढ्याने भागलं नाही. मग त्याच्या वेल्डर मित्राने डोकं लढवलं. मागच्या चाकांचा दांडा गाडीला दोन आर्मनी जोडलेला असतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्या आर्मचं मागचं टोक थोडं खाली घेतलं की त्यांचा कोन बदलतो, आणि चाकं गाडीला पुढे ढकलताना टायर जमिनीत दाबून धरतात. वेल्डरने त्यासाठी जाड पत्र्याचे दोन ब्रॅकेट करून दिले. येत्या रविवारी त्यांची परीक्षा होती.

म्हणून आज सुट्टी घेऊन, बायकोला रिक्षाने दवाखान्यात पाठवून, लिफ्टवाला सकाळीच गाडीखाली शिरला. आधी आठवणीने स्टिअरिंगला फडकं बांधलं. आर्म खाली घेतले, चारही बोल्ट घातले, नट हाताने फिरवले. फक्त हाताने. कारण आर्मच्या टोकांना रबरी बुश असतात, आणि गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवलेली असताना नट आवळले तर खाली आल्यावर ते रबर पिळवटून फाटतं. आधी गाडी चाकांवर उतरवायची, तिचं वजन तिच्या पायांवर येऊ द्यायचं, आणि मग आवळायचं. रीत अशीच आहे, आणि तो रीतीचा पक्का. त्याने गाडी उतरवली, घोड्या आत ठेवल्या, पाने पुसून पेटीत भरले. मग लक्षात आलं, की मोजून आवळायचा मोठा पाना वेल्डरकडे आहे.

इथे जरा थांबून त्या गाडीकडे बघा. चार चाकांवर उभी, धुतल्यासारखी, आजूबाजूला एक स्क्रूसुद्धा पडलेला नाही. घोड्यांवर असती तर आंधळ्यालाही कळलं असतं की काम अर्धवट आहे. आता ते सांगणारं एकच उरलं होतं, फडकं.

आणि हे महाशय पाना आणायला गेले आणि तिथेच रमले. वेल्डरने चहा केला. मग रविवारी गाडी कशी उठेल, टायरमध्ये हवा किती ठेवायची, क्लच कुठे सोडायचा, यावर दोघं असे बोलत बसले की जणू जगातले बाकी सगळे प्रश्न सुटलेत.

"आई!" पायरीवरून उठून तो ओरडला.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या कालच राहायला आल्या होत्या, आणि रिकामं बसणं हा त्यांच्या दृष्टीने आजार होता. त्यांच्या हातात आता झाडू होता.

"काय झालं, जावईबापू? घाबरलात केवढ्यानं?"

"आई, हे फडकं..."

"अहो, काय ते मळलं होतं! काल माझा चष्मा गाडीत राहिला होता ना, तो काढायला गेले तर त्या गोल चाकाला बांधलेलं. तेलकट, काळं. म्हटलं मुंगीचे हात लागतील. साबणात भिजवलं, घासलं. कसं उजळलंय बघा."

मुंगी म्हणजे त्याची आठ वर्षांची पोर. स्वतःहून मोठ्या पिशव्या ओढत फिरायची सवय, म्हणून मुंगी.

"गाडी कुठे आहे?" हे विचारताना त्याला उत्तर ठाऊक होतं.

"मुंगीला पोहायला घेऊन गेली की तुमची बायको. आज जरा लवकर सुटली दवाखान्यातून. झाली असतील दहा-पंधरा मिनिटं."

 चार नट. हाताने फिरवलेले. रस्त्यावर गाडी हादरली की नट आपोआप मागे फिरत जातात, एकेक आटा सोडतात. शेवटचा आटा सुटला की नट पडतो, मग बोल्ट सरकतो, आणि मग भर वेगात ब्रेक दाबला की मागचा दांडा तिरका होतो आणि गाडी आडवी. तलावाच्या रस्त्यावर उतार होता. उताराच्या शेवटी वळण होतं, आणि वळणाला लागून कालव्याची भिंत होती. बरं, रस्ता तिला त्यानेच दाखवलेला, सिग्नल कमी लागतात म्हणून.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हाही नियम त्याचाच. बायको त्याचे नियम पाळायची, चेष्टा करत करत पण पाळायची, आणि आज पहिल्यांदा त्याला वाटलं, हिने एक तरी मोडावा.

त्याने फोन सासूबाईंच्या हातात कोंबला. "आई, मला स्कूटर चालवताना जमायचं नाही. तुम्ही लावत राहा. तिने उचलला की एवढंच सांगा, आहे तिथे गाडी थांबव. हळूच ब्रेक लाव आणि थांबव. बाकी काही बोलू नका."

"पण झालं तरी काय?"

"नट ढिले आहेत, आई."

सासूबाईंनी एकदा दोरीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. हातातला झाडू गळून पडला. त्यांनी चष्मा नाकावर चढवून फोन डोळ्यांजवळ धरला आणि बोटाने बटण शोधायला लागल्या.

पाना पिशवीत होताच. तो निघाला.

गल्लीच्या तोंडाशी पहिला गतिरोधक. तिथे त्याने वेग कमी केला तो रस्ता बघण्यासाठी. काळ्या डांबरावर नट पडलेला दिसतोय का? नव्हता. दुसऱ्या गतिरोधकापाशी काहीतरी चकाकलं. मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खात तो स्कूटर आडवी लावून उतरला, वाकला. बाटलीचं झाकण होतं. ते त्याने का कोण जाणे खिशात टाकलं.

डोक्यात एकच घाणा फिरत होता. उजवीकडचे दोन त्याला आठवत होते. बोटं काळी होईपर्यंत फिरवले होते ते. डावीकडचा पुढचाही आठवत होता, कारण तिथे कोपर घासलं होतं. डावीकडचा मागचा? तो फिरवला होता का पुरता? की नुसता अडकवला आणि तेवढ्यात घोडी सरकवायला गेलो? त्याने डोळ्यांसमोर गाडीचं पोट आणून पाहिलं. सगळं दिसलं, अगदी ब्रॅकेटवरची वेल्डिंगची रेघसुद्धा, तो एक नट काही दिसेना. इमारतीच्या इमारती याच्या भरवशावर वरखाली करत होत्या. अनोळखी माणसं त्याने सही केलेल्या पेटीत डोळे झाकून शिरायची, आणि स्वतःच्या पोरीला त्याने कशात बसवलं होतं?

'मी नाही बसवलं,' असं त्याच्या मनात एकदा येऊन गेलं. 'आईंनी काढलं फडकं.' पण हे मनाशीसुद्धा त्याला धड म्हणता येईना. जिला नियम सांगितलाच नव्हता तिने तो मोडला कसा? काल स्टेशनवरून आणताना तासभर गप्पा मारल्या, सांध्यांच्या दुखण्यापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं झालं, तेवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

उतार लागला. समोर गाड्यांची रांग होती. वळणाच्या अलीकडे सगळं तुंबलेलं, हॉर्न वाजत होते, दोनचार माणसं रस्त्यात उभी होती आणि पुढे काहीतरी बघत होती.  त्याने स्कूटर तिथेच सोडली आणि पिशवी छातीशी धरून तो गाड्यांच्या मधून धावत सुटला. "काय झालं? काय झालं पुढे?" असं तो ज्याला त्याला विचारत होता, आणि उत्तर ऐकायला थांबत नव्हता.

पुढे एक ट्रक उभा होता. दोन हमाल त्यातून आरशाचं कपाट उतरवत होते आणि तिसरा त्यांना "डावीकडे घ्या, तुमची डावी नाही, माझी डावी" असं सांगत होता. कपाट रस्त्यात आडवं झालं होतं. आरशात लिफ्टवाल्याला स्वतःचाच चेहरा दिसला आणि तो ओळखायला त्याला क्षणभर लागला. त्याला त्या हमालांच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्यांच्या श्रीमुखात द्यावीशीही वाटली.

परत जाऊन स्कूटर आणण्याइतकाही धीर त्याच्यात नव्हता. तो तसाच वळणापर्यंत पळाला. कालव्याची भिंत सरळ होती, शाबूत होती, तिच्यावर एक मांजर ऊन खात बसलं होतं. तो भिंतीवरून वाकला, खाली पाण्यात बघितलं. पाणी संथ होतं.

मग वळणाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, त्याला आपली गाडी दिसली. चारही दिवे लुकलुकत होते. आत कुणी नव्हतं.

रिकामी गाडी बघून सुटका वाटायला हवी होती. त्याला उलट जास्तच भीती वाटली. उतरून गेल्या? की कुणी उतरवून नेलं? तो गाडीला वळसा घालून गेला, पत्र्यावरून हात फिरवत. कुठे ओरखडा नाही, काचा धड. त्याने खिडकीतून आत डोकावून बघितलं, आणि मग तो तिथेच दाराला धरून उभा राहिला.

स्टिअरिंगवर पोहायची लाल टोपी ताणून चढवलेली होती. मुंगीची. अशी टोपी घातल्याशिवाय तलावावर कुणाला पाण्यात उतरू देत नाहीत.

"बाबा!"

रस्त्याच्या पलीकडे बसथांब्याच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. मुंगीच्या मांडीवर तिच्याएवढी पिशवी होती. बायको फोनवर बोलत होती. त्याला बघितल्यावर तिने फोनमध्ये "आला गं, आई. हो, धडधाकट आहे. तू रडू नकोस आता," असं म्हणून तो बंद केला.

तो रस्ता ओलांडून गेला.  त्याने मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"माझे केस ओढतोयस, बाबा," मुंगी म्हणाली.

"ब्रेक मारला की मागे टक वाजायचं," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता, आणि त्यालाच तो जास्त घाबरला. "सोडला की पुन्हा टक. झोपेतसुद्धा तू 'मागे टक वाजतंय, मागे टक वाजतंय' बरळत असतोस ना? एवढ्या वर्षांत तेवढं मलाही कळायला लागलंय. उतारावर आवाज वाढला. मग कडेला घेतली आणि तुला फोन केला, तर उचलला आईने. तिला बोलताच येत नव्हतं."

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "आईंची नाही."

"ते मला माहीत आहे."

मुंगीने त्याच्या शर्टाची बाही ओढली. "बाबा, मी निघताना बघितलं होतं. रोज बघते. फडकं नव्हतं."

यावर त्याला रडू आलं. भररस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. बायकोने पिशवीतून पोहायचा टॉवेल काढून त्याच्या हातात दिला आणि दुसरीकडे बघितलं.

मग तो गाडीखाली शिरला. जॅकची गरज नव्हती. गाडी चाकांवर उभी होती, वजन तिच्या पायांवर होतं, आवळायला अगदी हवी तशी. रस्त्यावर पाठ टेकून तो आत सरकला. उजवीकडचे दोन्ही नट ढिले होते, पण जागेवर. डावीकडचा पुढचा तसाच. डावीकडच्या मागच्यापर्यंत हात पोचला तेव्हा त्याने डोळे मिटले. नट होता. शेवटच्या आट्यावर. बोटाने स्पर्श केला तर डुगडुगला.

 बाजूने गाड्या जात होत्या, रस्ता पाठीखाली थरथरत होता. मग त्याने एकेक नट आवळला. ठरलेल्या जोराला पाना 'कट' करतो, तो आवाज प्रत्येक वेळी दोनदा ऐकला, आणि खिशातल्या रंगाच्या पेनाने नटापासून ब्रॅकेटपर्यंत पिवळी रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय असं समजायचं. हीही धंद्याचीच रीत.

बाहेर आला तेव्हा बायको आणि मुंगी गाडीपाशी येऊन उभ्या होत्या.

"किती ढिले होते?" बायकोने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. तिला खाली जाऊन बघायला आता काही उरलं नव्हतं.

"तीन ढिले होते, पण जागेवर. एक शेवटच्या आट्यावर होता."

 तिचा हात मुंगीच्या खांद्यावर होता, तो जरा घट्ट झाला.

तो दार उघडून आत बसला आणि सवयीने टोपी काढायला हात पुढे केला.

"ए बाबा! मी बांधलीय."

त्याने हात मागे घेतला. "मग काढ."

"आधी दाखव."

ती फूटपाथवर पालथी झाली. तिची आई एरवी फूटपाथला बोटही लावू देत नसे, आज तिने अडवलं नाही. लिफ्टवाला तिच्या शेजारी आडवा झाला आणि त्याने बोटाने दाखवलं. ही एक रेघ. ही दुसरी. मुंगीने उठून पलीकडे जाऊन उरलेल्या दोन बघितल्या. गुडघे झटकले, दारातून आत वाकली, टोपी खेचून काढली आणि पिशवीत ठेवली.

"चला," तो म्हणाला. "अजून वेळेत पोचू. बसा."

मुंगीने आईकडे बघितलं. आई जागची हलली नाही.

"आधी तू एकटा जाऊन ये," बायको म्हणाली. "पुढच्या चौकापर्यंत. तिथे जोरात ब्रेक मार. आणि परत ये. मग बसतो आम्ही."

त्याला म्हणावंसं वाटलं, अगं, मोजून आवळलेत, रेघा ओढल्यात, पोरीने तपासल्यात. पण हे सगळं ज्याच्या शब्दावर टिकून होतं तो शब्दच दुपारपासून दोरीवर वाळत पडला होता. त्याने गाडी सुरू केली. रविवारी क्लच कुठे आणि कसा सोडायचा यावर ज्याने अर्धी दुपार घालवली होती, त्याने आयुष्यात कधी इतक्या हळू क्लच सोडला नव्हता.

गाडी निघाली. मागे टक वाजलं नाही. त्याने आरशात बघितलं. रस्त्याच्या कडेला त्या दोघी उभ्या होत्या, एकमेकींचा हात धरून, लहान लहान होत जाणाऱ्या. त्याने हात वर करून हलवला. दोघींपैकी कुणीच हलवला नाही. त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. दोघी मागच्या चाकांकडे बघत होत्या.